लहान ट्रॅक्टरावरील छत, कोठडी व रात्रीचे दिवे

द्राक्षें, डाळिंब, पेरू इत्यादि फळबागांत लहान ट्रॅक्टर वापरण्याचा प्रघात आतां सर्वत्र पडला आहे. १५ ते ३० अश्वशक्तीचीं हीं यंत्रें ओळींमधून सहज फिरतात, फवारणीचा ब्लोअर ओढतात, रोटाव्हेटर चालवितात आणि प्रसंगीं ट्रॉलीहि नेतात. परंतु यांपैकीं बहुतेक यंत्रें कारखान्यांतून उघडींच येतात. चालविणाऱ्याच्या डोक्यावर छप्पर नसतें, आणि पुढील दोन दिवे सोडले तर मागील अवजारावर पुरेसा उजेड पडण्याची सोय नसते. म्हणून यंत्र घरीं आलें कीं थोड्याच दिवसांत मालक वेल्डिंगच्या दुकानीं जाऊन त्यावर कांहीं तरी छत किंवा कोठडी बसवून घेतो, आणि बाजारांतून चार दिवे आणून ते बॅटरीस जोडून टाकतो. हीं दोन्ही कामें वरकरणीं सोपीं दिसतात. तीं नीट झालीं तर चालविणाऱ्याचे कष्ट कमी होतात व कामाचा उरक वाढतो; नीट न झालीं तर यंत्र उलटणें, आग लागणें, किंवा कोंडलेल्या जागेंत विषारी वाफ श्वासाबरोबर आंत जाणें असे प्रसंग ओढवतात. सबब या विषयाची थोडी सविस्तर चर्चा करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

रात्रीं काम कां करावें लागतें?

रात्रीचें काम हा हौसेचा प्रश्न नाहीं. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर पाऊस पडला व पानें ओलीं राहिलीं म्हणजे द्राक्षावर केवडा येण्याची भीति असते, आणि अशा वेळीं फवारणी काय ती थोड्याच तासांत व्हावी लागते. दिवसा वारा असला तर फवारा शेजारच्या ओळींत नव्हे, शेजारच्या शेतांत जातो. ऊन असलें तर बारीक थेंब पानावर पोंचण्यापूर्वींच उडून जातात. सायंकाळीं व रात्रीं वारा बहुधा पडलेला असतो, आणि मधमाशाहि बाहेर नसतात. म्हणून जाणते बागाईतदार पहांटेस किंवा दिवस मावळल्यावर ब्लोअर चालवितात. अशा वेळीं ओळीच्या शेवटीं वळण घेतांना अँगलचा खांब, ताणाची तार, पाटाचा कांठ व बसलेला मजूर हे सर्व स्पष्ट दिसले पाहिजेत. उसाच्या पट्ट्यांत व जुन्नरसारख्या भागांत बिबट्याचा वावर असतो, हेंहि लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

छत निराळें, संरक्षक कमान निराळी

या विषयांत सर्वांत मोठा घोंटाळा येथेंच होतो. चौकोनी पाइपांचा सांगाडा उभा करून त्यावर पत्रा ठोकला म्हणजे ट्रॅक्टर उलटल्यास आपण वांचूं, अशी पुष्कळांची समजूत असते. ही समजूत चुकीची व घातक आहे. यंत्र उलटतें तेव्हां त्याचें सर्व वजन एका कोपऱ्यावर, तेंहि आदळून, येतें. तो आघात सोसून आंतील माणसाभोंवतीं जागा शिल्लक राखण्यासाठीं जी जाड पोलादी कमान आसनामागें बसविलेली असते ती ठराविक परीक्षा घेऊन पास केलेली असते. तिला आम्ही येथें संरक्षक कमान म्हणतों. बाजारांत तिला रोल बार म्हणतात. स्वीडन देशानें १९५९ सालीं नव्या ट्रॅक्टरांस असें संरक्षण सक्तीचें केलें. अमेरिकेंत २५ ऑक्टोबर १९७६ नंतर बनलेल्या व मजुरांकडून चालविल्या जाणाऱ्या ट्रॅक्टरांस, कांहीं अपवाद वगळतां, तें सक्तीचें झालें. दुकानांत वेल्डिंग करून केलेला सांगाडा अशा कोणत्याहि परीक्षेंतून गेलेला नसतो. तो ऊन-पाऊस अडवील. प्राण वांचवील असें कोणीहि छातीवर हात ठेवून सांगूं शकणार नाहीं.

यावरून तीन नियम निघतात. पहिला, यंत्र बनविणाऱ्या कंपनीची कमान मिळत असेल तर प्रथम ती घ्यावी व मग छताचा विचार करावा. दुसरा, त्या कमानीस भोंक पाडूं नये व वेल्डिंगहि करूं नये. तसें केल्यानें पोलादाचा ताण सोसण्याचा गुण त्या जागीं कमी होतो. छत जोडावयाचें असल्यास कमानीस बाहेरून कवळणाऱ्या पट्ट्या व नट-बोल्ट वापरावे. तिसरा, कमान उभी असेल तेव्हां कमरेचा पट्टा बांधावा. कमान नसेल किंवा दुमडलेली असेल तेव्हां तो बांधूं नये. कमानीविना पट्टा बांधलेला माणूस उलटत्या यंत्राखालीं अडकून पडतो.

वजनाचा हिशेब

छताचें वजन किती, यापेक्षां तें किती उंचीवर आहे हें महत्त्वाचें. एक उदाहरण घेऊं. समजा, ट्रॅक्टरचें वजन ८०० किलो आहे, त्याचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटर उंच आहे, आणि दोन मागील चाकांच्या मध्यांतील अंतर ७५ सेंटिमीटर आहे. त्यावर १०० किलोची कोठडी बसविली व तिचा गुरुत्वमध्य १५० सेंटिमीटर उंचीवर पडला. आतां ८०० गुणिलें ५५ म्हणजे ४४,०००, आणि १०० गुणिलें १५० म्हणजे १५,०००. दोहोंची बेरीज ५९,०००. तिला ९०० नीं भागिलें असतां नवा गुरुत्वमध्य सुमारें ६५.५ सेंटिमीटर येतो. म्हणजे वजन आठवा हिस्साच वाढलें, पण गुरुत्वमध्य १० सेंटिमीटरांहून अधिक वर सरकला. उभें यंत्र पूर्वीं सुमारें ३४ अंशांच्या आडव्या उतारावर कलंडलें असतें, तें आतां ३० अंशांच्या आंतच कलंडेल. हा हिशेब केवळ स्थिर यंत्राचा आहे. चालत्या यंत्राचें चाक दगडावर चढलें, दुसरें चरांत उतरलें, किंवा पाण्यानें भरलेली टांकी हिंदकळली, म्हणजे प्रत्यक्षांत याहून पुष्कळ कमी उतारावर अपघात होतो. यास्तव कोठडी जितकी हलकी करतां येईल तितकी करावी, आणि छतावर खतांचीं पोतीं, पाइप किंवा शिडी ठेवण्याची संवय कधींहि लावूं नये.

बागेची मापें आधीं घ्यावीं

दुसरी चूक मापांची. मांडव पद्धतीच्या द्राक्षबागेंत डोक्यावरील तारा साधारण सात फुटांच्या सुमारास असतात, आणि घड त्यांच्याहि खालीं लोंबतात. वाय आकाराच्या बांधणींत खालीं रान मोकळें दिसलें तरी वर दोन्हीं बाजूंचे हात व कोंवळ्या फांद्या मध्यें आलेल्या असतात. अशा ठिकाणीं चार खांबांची कोठडी नेल्यास डोळे मोडतात, घड खरचटतात, आणि मोडलेल्या जागीं रोग शिरतो. म्हणून आम्ही एक साधी युक्ति सुचवितों. जेवढी कोठडी करावयाची तेवढ्या मापाचा कळकाच्या कामट्यांचा सांगाडा सुतळीनें ट्रॅक्टरावर बांधावा व तो घेऊन बागेच्या सर्वांत अरुंद ओळींतून व सर्वांत आंखूड वळणावरून एक फेरी मारावी. फेरी घड लोंबूं लागल्यावर मारली तर अधिक बरें. जेथें कामट्या अडतील तेथें लोखंडहि अडेल. या एका फेरीनें बहुतेकांस कळून येईल कीं, मांडवाच्या बागेंत पूर्ण कोठडी शक्यच नाहीं. तेथें दुमडणारी कमान व काढतां येणारें लहान छत एवढेंच साधतें. पूर्ण कोठडी डाळिंब, पेरू, भाजीपाला किंवा उघड्या रानाच्या कामास शोभते.

कोठडी बांधण्याची रीत

सांगाड्यास पातळ, चौकोनी पाइप पुरतो. जड अँगल घेऊं नये. सांगाडा चेसिसवर किंवा मागील ॲक्सलच्या जाड भागावर, कंपनीनें मुळांत ठेवलेल्या भोंकांत नट-बोल्टनें बसवावा. मडगार्डच्या पत्र्यावर तो कधींहि उभा करूं नये. तो पत्रा हादऱ्यानें थोड्याच महिन्यांत चिरतो. आमच्या पाहण्यांत असा एक ट्रॅक्टर आला होता, ज्याचें छत मडगार्डसकट सुटून चालत्या चाकावर येऊन बसलें. सुदैवानें त्या वेळीं गति मंद होती. प्रत्येक टेकणीखालीं रबरी बुश घालावा व नट ढिला न होणारा असावा. वेल्डिंग करतांना बॅटरीच्या तारा सोडून ठेवाव्या आणि डिझेलच्या टांकीजवळ ठिणगी जाणार नाहीं अशी व्यवस्था करावी.

छतास साधा पत्रा घातल्यास तो उन्हांत तापतो व इंजिनाच्या हादऱ्यानें ढोलासारखा वाजतो. बंद कोठडींत हा आवाज कानाशींच कोंडतो. दिवसांतून आठ तास ८५ डेसिबलांहून मोठा आवाज कानीं पडत राहिल्यास पुढें ऐकूं येणें कमी होतें, असें मानितात. यासाठीं पत्र्याच्या आंतून फोमचा थर चिकटवावा, किंवा हलकें फायबरचें छत घ्यावें. छताचा कांठ मागें व पुढें थोडा बाहेर काढावा, म्हणजे दुपारच्या उन्हाची तिरीप डोळ्यांवर येणार नाहीं.

बाजूंस कांच बसवावयाची असल्यास घरच्या खिडकीची कांच बिलकूल वापरूं नये. ती फुटून सुऱ्यांसारखे तुकडे होतात. गाड्यांस वापरतात ती कडक केलेली कांच किंवा पॉलिकार्बोनेटचा तक्ता घ्यावा. पॉलिकार्बोनेट फुटत नाहीं, पण त्यावर ओरखडे पडतात, म्हणून कोरड्या फडक्यानें पुसूं नये. आधीं पाणी ओतून धूळ घालवावी. कोठडींतून बाहेर पडण्यास दोन वाटा असाव्या. एका कुशीवर यंत्र पडलें तर त्या कुशीचें दार उघडत नाहीं. धुराडें उभें असून त्याचें तोंड छताच्या वर असावें व त्याचा एकहि सांधा गळका नसावा. बंद जागेंत धूर सांचल्यास आधीं डोकें दुखतें व झोंप येते, आणि माणसास कारण कळण्यापूर्वींच शुद्ध हरपूं शकते.

आपल्या हवेंत एप्रिल-मे महिन्यांत थंडगार हवेच्या यंत्रावांचून बंद कोठडी म्हणजे भट्टीच होय. लहान इंजिनास असें यंत्र जोडल्यास त्याची शक्ति खर्च होते. म्हणून बहुतेकांस छत, पुढील कांच व बाजूंस गुंडाळतां येणारे जाड, पारदर्शक पडदे एवढी योजना पुरेशी आहे.

कोठडी म्हणजे विषापासून संरक्षण नव्हे

२०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व मजूर मृत्यु पावले, ही गोष्ट कोणीहि विसरलेला नसेल. तेव्हांपासून कोठडी बसविली म्हणजे तोंडास फडकें बांधण्याचेंहि कारण उरत नाहीं, असा विचार कांहींजण करूं लागले आहेत. तो खरा नाहीं. युरोपांत कोठड्यांच्या चार प्रती ठरविल्या आहेत. पहिलींत ठराविक संरक्षण मुळींच नाहीं; दुसरींत धुळीपासून, तिसरींत धूळ व सूक्ष्म थेंब यांपासून, आणि चौथींतच काय तें धूळ, थेंब व वाफ या तिहींपासून संरक्षण मिळतें. चौथ्या प्रतीच्या कोठडींत हवा कोळशाच्या गाळणींतून आंत ढकलली जाते व आंतील हवेचा दाब बाहेरच्याहून किंचित् अधिक राखलेला असतो. गांवांत बांधलेल्या कोठडीस हें कांहींच नसतें. उलट, फटींतून आंत आलेली वाफ तेथें कोंडून राहते, आणि औषधानें माखलेले बूट व हातमोजे आंत नेल्यामुळें आसन व चक्र हींहि विषारी होतात. म्हणून कोठडी असो वा नसो, योग्य मुखवटा, चष्मा, हातमोजे व अंगभर कपडे हीं लागतातच. फवारणीचे कपडे कोठडीबाहेर उतरावे व आंतील भाग दर फवारणीनंतर साबणाच्या पाण्यानें पुसावा.

दिव्यांची निवड

आतां दिव्यांकडे वळूं. जुन्या दिव्यांत तार तापून प्रकाश देते व बहुतेक वीज उष्णतेंत जाते. एल. ई. डी. दिव्यांत तापणारी तारच नाहीं. अर्धवाहकाच्या कणांतून वीज जातांना सरळ प्रकाश निघतो. डोळ्यांस दिसणारा तांबडा एल. ई. डी. १९६२ सालीं निघाला, परंतु निळा नीट साधेपर्यंत पांढरा प्रकाश मिळेना. तो निळा दिवा साधल्याबद्दल आकासाकी, अमानो व नाकामुरा या तिघांस २०१४ सालचें पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. हॅलोजन दिवा दर वॉटास सुमारें २५ ल्यूमेन प्रकाश देतो, तर बऱ्यापैकीं एल. ई. डी. १०० च्या आसपास देतो. यामुळें लहान बॅटरीच्या ट्रॅक्टरास हे दिवे विशेष सोयीचे आहेत. ५५ वॉटांचे चार हॅलोजन लाविल्यास १२ व्होल्टांवर सुमारें १८ अँपिअर वीज लागते. २७ वॉटांच्या चार एल. ई. डी.स ९ अँपिअर पुरतात.

दिवा घेतांना खोक्यावरील मोठाल्या आंकड्यांस भुलूं नये. दिव्यामागें ॲल्युमिनियमचे जाड पंखे आहेत कीं नाहींत, तें पाहावें, एल. ई. डी. उष्णतेनेंच मरतो, आणि या पंख्यांवर चिखल बसल्यासहि तोच परिणाम होतो. दिव्यावर आय. पी. ६७ असा शिक्का असावा. त्यांतील ६ म्हणजे धूळ आंत जात नाहीं, आणि ७ म्हणजे एक मीटर पाण्यांत अर्धा तास राहूनहि पाणी शिरत नाहीं. निळसर पांढऱ्या उजेडावर किडे अधिक येतात, आणि तो धुक्यांत व फवाऱ्यांत डोळ्यांवर परततो. म्हणून किंचित् पिंवळसर उजेडाचा दिवा पत्करावा.

जोडणी

जोडणीचे नियम असे:

१. काम सुरू करण्यापूर्वीं बॅटरीची ऋण बाजूची तार प्रथम सोडावी व शेवटीं जोडावी.

२. बॅटरीच्या धन टोंकापासून एका वितीच्या आंत फ्यूज बसवावा. ९ अँपिअरच्या दिव्यांस १५ अँपिअरचा फ्यूज योग्य. फ्यूज दिव्याचें नव्हे, तारेचें रक्षण करतो. म्हणून तो वारंवार उडत असल्यास मोठा न घालतां दोष शोधावा. फ्यूजऐवजीं तार गुंडाळणें म्हणजे डिझेलच्या टांकीशेजारीं चूल मांडणें होय.

३. दिव्यांची सर्व वीज बटणांतून नेऊं नये, रिले वापरावा. रिलेच्या ३० क्रमांकाच्या टोंकास फ्यूजकडील तार, ८७ ला दिव्यांची तार, ८६ ला बटणाची तार व ८५ ला ऋण तार जोडावी. बटणास येणारी वीज चावीच्या पुढील बाजूनें घ्यावी, म्हणजे चावी काढतांच दिवे बंद होतील.

४. तार जाड घ्यावी. जाऊन-येऊन ८ मीटर लांबी धरल्यास ९ अँपिअर वाहतांना १ चौरस मिलिमीटरच्या तारेंत सुमारें १.४ व्होल्ट वाया जातात, अडीचच्या तारेंत अर्ध्या व्होल्टाहून किंचित् अधिक, आणि ४ च्या तारेंत सुमारें एक-तृतीयांश व्होल्ट. एल. ई. डी.च्या आंत वीज सांवरणारा भाग असल्यामुळें दिवा मंद झालेला दिसत नाहीं. व्होल्ट कमी पडले कीं तो उलट अधिक अँपिअर ओढतो व तार तापते. डोळ्यांस न दिसणारा दोष तो हाच.

५. ऋण बाजूसहि स्वतंत्र तार बॅटरीपर्यंत न्यावी. रंगविलेल्या सांगाड्याच्या भरंवशावर राहूं नये.

६. पत्र्यांतून तार नेतांना भोंकांत रबरी कडें घालावें, वर लवचिक नळी चढवावी, आणि धुराडें व फिरते भाग यांपासून ती दूर बांधावी. सांधे पिळून न करतां थिंबल दाबून करावे.

इंजिन बंद असतां दिवे लावून ठेवूं नयेत. ५० अँपिअर-तासांची बॅटरी ९ अँपिअरच्या भारानें अडीच-तीन तासांतच अर्धी रिकामी होते, व मध्यरात्रीं यंत्र सुरू होत नाहीं.

दिवे कोठें लावावे?

डोळ्यांच्या रेषेंत लाविलेला दिवा धूळ व फवारा यांवरून परतून डोळ्यांतच येतो. म्हणून पुढील दोन दिवे बॉनेटच्या बाजूंस, खालीं व परस्परांपासून शक्य तितके दूर असावे. मागील दोन छताच्या कांठाखालीं, जमिनीकडे कलते ठेवावे. त्यांतील एकाचा उजेड ब्लोअरच्या नोझलांवर पडावा, म्हणजे एखादें बुजल्यास तत्काळ कळतें. पी. टी. ओ.च्या शाफ्टवर उजेड पडेल अशी योजना अवश्य करावी, आणि त्यावरील संरक्षक नळी कधींहि काढून ठेवूं नये. फिरत्या शाफ्टांत रात्रीं उपरण्याचें किंवा साडीचें टोंक सांपडल्याचे अपघात फार भयंकर होतात.

मागें पांढरा उजेड टाकणारे दिवे सडकेवर लागतां कामा नयेत. मागून येणाऱ्याचे डोळे दिपतात व ट्रॅक्टर येत आहे कीं जात आहे हें त्यास कळत नाहीं. यासाठीं त्यांचें बटण निराळें असावें आणि शेताबाहेर पडतांना तें बंद करण्याची शिस्त लावावी. ट्रॉलीमागें तांबडा दिवा व परावर्तक पट्ट्या अवश्य असाव्या. तसेंच, १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें नोंदणींतील तपशिलाशीं विसंगत असा फेरफार वाहनांत करण्यास मनाई आहे. तेव्हां पूर्ण कोठडी बांधण्यापूर्वीं प्रादेशिक परिवहन कार्यालयांत व विमा कंपनीकडे विचारपूस करून घ्यावी.

खर्चाचा क्रम

ज्यांस एकदम सर्व खर्च झेपत नाहीं त्यांस आमचें सांगणें असें: पहिला पैसा संरक्षक कमान व कमरेचा पट्टा यांवर खर्चावा, दुसरा दिवे, फ्यूज व जाड तार यांवर, तिसरा छतावर, आणि उरल्यास भिंती व कांचा यांवर. प्रत्यक्षांत बहुतेक ठिकाणीं हा क्रम उलटा दिसतो, कारण कोठडी लोकांस दिसते व फ्यूज दिसत नाहीं. परंतु बागेचा मालक घरीं निजलेला असतां मध्यरात्रीं ब्लोअर घेऊन ओळींत शिरणारा माणूस पुष्कळदां आपला सालगडी असतो, आणि कोठडी कशी असावी हें त्याला कोणी विचारलेलें नसतें. ती बांधण्यापूर्वीं त्यास आसनावर बसवून विचारावें: पुढचें चाक दिसतें का, मागचें नोझल दिसतें का, प्रसंगीं उडी मारून बाहेर पडतां येईल का? या तीन प्रश्नांचें उत्तर होकारार्थी आलें तरच वेल्डिंगची ठिणगी पाडावी.